पॉवरशेलमध्ये चाळीस हजार फायलींची मोजदाद

माझ्याकडे तीन जुन्या हार्ड डिस्क आहेत आणि तिन्हींवर बरंचसं तेच सामान आहे. फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं, कधीतरी उतरवून घेतलेल्या पीडीएफ. डिस्क बदलताना भीतीपोटी जुनीतलं सगळं नवीत ओतायचं आणि वर आणखी एक ‘बॅकअप’ नावाचं फोल्डर करायचं, ही माझी पद्धत. शेवटी ‘बॅकअप’, ‘बॅकअप नवा’ आणि ‘बॅकअप नवा हाच’ अशी तीन फोल्डरं एकाच डिस्कवर शेजारीशेजारी सापडली, तेव्हा म्हटलं, आता मोजदाद करायचीच.

डुप्लिकेट शोधून देणारी तयार सॉफ्टवेअर मिळतात, हे माहीत होतं. पण कोणती फाइल उडवायची हे दुसऱ्याने ठरवलेल्या बटणावर सोडायला मन धजेना, आणि पॉवरशेल, म्हणजे विंडोजला टाइप करून कामं सांगायची भाषा, शिकायला निमित्तही हवं होतं. लिनक्सच्या टर्मिनलवर थोडंफार काम केलेलं, त्यामुळे वाटलं, दोन संध्याकाळी पुरतील. तीन आठवडे लागले. फायली शोधायचा भाग पहिल्याच संध्याकाळी झाला होता. बाकीचा वेळ गेला तो शोधलेलं ठेवायचं कशात आणि ठेवल्यावर त्याचं नेमकं होतं काय, हे कळण्यात.

लिनक्सच्या शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एका कमांडकडून दुसरीकडे मजकूर जातो. मग तिसरा शब्द काप, सातवा रकाना उचल, असं करत बसायचं. फाइलच्या नावात स्पेस आली की सगळं एक घर पुढे सरकतं. मायक्रोसॉफ्टच्या जेफ्री स्नोव्हर यांनी २००२ मध्ये ‘मोनाड’ या नावाने ज्या शेलची कल्पना मांडली आणि २००६ मध्ये जो पॉवरशेल म्हणून बाहेर आला, त्याची सगळी मदार वेगळ्या गोष्टीवर आहे. तिथे पाइपमधून, म्हणजे एका कमांडकडून दुसरीकडे जायच्या वाटेने, ऑब्जेक्ट जातात: आपापली माहिती रकान्यांत बाळगणाऱ्या वस्तू. फोल्डरमधल्या फायली देणारं गेट-चाइल्डआयटम चालवलं की फाइलचं ऑब्जेक्टच हातात येतं. त्याला आकार विचारा, तारीख विचारा, कापाकापी काही नाही.

पण त्या आयत्या ऑब्जेक्टमध्ये मला हवं ते सगळं नव्हतं. फाइल कोणत्या डिस्कवरची, तिचा हॅश (आतल्या मजकुरावरून काढलेला ठसा) काय, ठेवायची की उडवायची, हे माझे रकाने होते. त्यासाठी स्वतःचं ऑब्जेक्ट बनवायचं. नाव-किंमत अशा जोड्यांचा एक हॅशटेबल लिहायचा, त्याच्या आधी चौकटी कंसात पीएसकस्टमऑब्जेक्ट लिहायचं, की झालं. ही सोय २०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीपासूनची. त्याआधी न्यू-ऑब्जेक्ट या कमांडला हॅशटेबल द्यावा लागे आणि रकाने आपण लिहिले त्याच क्रमाने येतील याचा भरवसा नसे. जुन्या स्क्रिप्टमध्ये ती पद्धत अजून दिसते. नव्याने लिहिणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

पहिली स्क्रिप्ट मी कुणीही नवशिका लिहील तशीच लिहिली. वर रिकामा ॲरे, म्हणजे एकापुढे एक घरांची यादी, खाली प्रत्येक फाइलसाठी तेच काम पुन्हा करणारा फॉरईच लूप, आणि लूपच्या आत += करून एकेक ऑब्जेक्ट ॲरेत टाकायचं. शंभर फायलींवर चालवून बघितलं, डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. मग तिन्ही डिस्क लावून चालवलं. सुरुवातीला पळाली, मग चालायला लागली, मग रांगायला लागली. मला वाटलं, जुनी डिस्क आहे, तीच दमली असेल. केबल बदलली. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला.

डिस्कचा काही दोष नव्हता. पॉवरशेलमधल्या ॲरेची लांबी ठरलेली असते, त्यात नंतर काही घालता येत नाही. += दिसायला ‘घाल’ असं दिसतं, पण मी वापरत होते त्या विंडोजबरोबर येणाऱ्या ५.१ आवृत्तीत ते दर वेळी एक घर मोठा असा नवा ॲरे बनवतं आणि जुन्यातलं सगळं त्यात उतरवून घेतं. चाळीस हजार फायलींसाठी हिशेब केला: शून्य अधिक एक अधिक दोन असं एकोणचाळीस हजार नऊशे नव्याण्णवपर्यंत. सुमारे ८० कोटी वेळा उचल-ठेव. म्हणजे घरात प्रत्येक नवी वाटी आणली की अख्खं फडताळ रिकामं करून दुसऱ्या फडताळात लावायचं. ७.५ आवृत्तीत या += चा वेग बराच सुधारला आहे, पण माझी सवय तोवर मोडली होती.

त्यावरचा उपाय इतका साधा होता की आधी पटेना. ॲरे भरायचाच नाही. लूपच्या आत ऑब्जेक्ट नुसतं लिहून सोडायचं, आणि लूप जिथे सुरू होतो तिथे त्याच्याआधी ‘यादी =’ लिहायचं. लूपमधून जे जे बाहेर पडेल ते पॉवरशेल स्वतःच गोळा करतो आणि शेवटी एकदाच ॲरे करून हातात देतो. इतर भाषांतून आलेल्या माणसाला हे चुकल्यासारखं वाटतं, कारण ‘ठेव’ असं कुठे म्हटलेलंच नसतं.

यानंतरची चूक माझी मला इतकी आवडते की ती जरा सविस्तर सांगते.

प्रत्येक फेरीत तेच सहा रकाने पुन्हा पुन्हा लिहिणं मला उधळपट्टी वाटली. म्हणून एक कोरं ऑब्जेक्ट लूपच्या बाहेर एकदाच बनवलं आणि आत फक्त नाव, आकार, तारीख भरत गेले. भरलं की यादीत टाकायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा टाकायचं. स्क्रिप्ट सुरळीत संपली, एरर नाही. यादी मोजली, संख्या बरोबर. उघडून बघितली तर चाळीस हजार ओळी आणि प्रत्येक ओळीत एकच फाइल: तिसऱ्या डिस्कवरची अगदी शेवटची. वर-खाली स्क्रोल करत राहिले. तीच.

माझ्या डोक्यात कोरा फॉर्म होता: भरला, फाइलला लावला, की पुढचा घ्यायचा. प्रत्यक्षात मी एकच पाटी वापरत होते. व्हेरिएबलमध्ये, म्हणजे आपण नाव दिलेल्या जागेत, ऑब्जेक्ट नसतं, ते कुठे आहे याचा पत्ता असतो, आणि यादीत गेला तोही पत्ताच. चाळीस हजार वेळा एकच पत्ता लिहिला, आणि त्या पत्त्यावरची पाटी मी दर वेळी पुसून नव्याने लिहीत होते. हे कळल्यावर कोरं ऑब्जेक्ट लूपच्या आत आणलं, म्हणजे प्रत्येक फेरीत नवं बनेल. बदल एवढाच, दोन ओळींची जागा.

हेच नंतर एकदा उलट बाजूने चावलं. यादीची एक प्रत राखून ठेवावी म्हणून ‘जुनी = यादी’ असं लिहिलं आणि यादीत खेळ केले, ‘जुनी’ही बदललेली. पत्त्याची नक्कल केली म्हणून घर दुसरं होत नाही. एकेका ऑब्जेक्टची खरी प्रत हवी तर त्याच्या पीएसऑब्जेक्ट या प्रॉपर्टीवर (रकान्यावर) कॉपी ही मेथड, म्हणजे ऑब्जेक्टला सांगता येणारं काम, आहे, तीही फक्त वरवरची प्रत देते. आत दुसरं ऑब्जेक्ट दडलेलं असेल तर ते दोघांत सामाईकच राहतं.

डिस्कचं नाव देऊन यादी मिळवायचं काम आता फंक्शनमध्ये, म्हणजे नावाने हवं तेव्हा चालवता येणाऱ्या तुकड्यात, टाकलं. तिथे यादी हळूहळू भरायची होती, कारण वाचता न येणारी फोल्डरं वेगळी नोंदवायची होती. कुठेतरी पाहिलेलं ॲरेलिस्ट हे यादीचं दुसरं रूप वापरलं. ते वाढतं, त्याला ॲड ही मेथड आहे. फंक्शन चालवलं आणि परत आलेली यादी मोजली तर संख्या बरोबर दुप्पट. अर्ध्या जागी माझी ऑब्जेक्ट, अर्ध्या जागी शून्य, एक, दोन, तीन असे आकडे. ॲरेलिस्टचं ॲड वस्तू कितव्या जागी ठेवली तो क्रमांक परत देतं, आणि पॉवरशेलच्या फंक्शनमध्ये कुणी न झेललेलं जे काही असतं ते सगळं उत्तरात जातं. रिटर्न लिहिलंय तेवढंच परत येईल, हा माझा समज चुकीचा होता. ॲडच्या आधी व्हॉइड लिहून तोंड बंद करता येतं. पण जेनेरिक लिस्ट वापरावी हे बरं. तिचं ॲड काहीच परत देत नाही, आणि आत कोणत्या प्रकारची वस्तू चालेल हेही तिला सांगून ठेवता येतं. मायक्रोसॉफ्टही नव्या कोडसाठी ॲरेलिस्टऐवजी तीच सुचवतो.

लिस्ट घेतली तरी गाडी पुन्हा अडली. फंक्शनमधून लिस्ट परत केली, बाहेर तिच्यावर ॲड म्हटलं, तर एरर: संग्रहाचा आकार ठरलेला आहे. अगं, मी लिस्ट पाठवली होती ना! पाठवली, पण दारातून बाहेर पडताना पॉवरशेल तिचं गाठोडं सोडून एकेक वस्तू पाइपमध्ये टाकतो, आणि बाहेर त्या पुन्हा गोळा होतात त्या साध्या ॲरेत. फंक्शनला काहीच सापडलं नसेल तर बाहेर रिकामी यादी येत नाही, नल, म्हणजे ‘काहीच नाही’, येतं. एकच सापडलं तर यादी नसतेच, नुसतं ते एक ऑब्जेक्ट येतं. गाठोडं तसंच बाहेर यावं असं वाटत असेल तर रिटर्नपुढे, लिस्टच्या आधी, एक स्वल्पविराम द्यायचा. एका स्वल्पविरामावर एवढं अवलंबून असावं, हे मला आजही पटलेलं नाही.

त्या ‘एकच सापडलं’ प्रकाराने एक संध्याकाळ खाल्ली. चाचणीच्या फोल्डरमध्ये एकच फाइल ठेवली होती. काउंट, म्हणजे किती आहेत, विचारला तर उत्तर कोरं. एक नाही, शून्यही नाही, नल. विंडोजबरोबरच्या ५.१ मध्ये अशा एकट्या कस्टम ऑब्जेक्टला काउंट नसतो. पॉवरशेल ६ पासून तो नेहमी एक येतो. तेव्हापासून मी यादी येणार असेल तिथे @() गुंडाळूनच घेते. एक असो, शंभर असोत की काहीच नसो, ॲरेच मिळतो.

आता मुख्य काम: सारख्या फायली ओळखणं. गेट-फाइलहॅश फाइलचा एसएचए-२५६ काढून देतं, चौसष्ट अक्षरांचा. दोन फायलींचा तो जुळला की आतला मजकूर तोच समजायचा. पण हॅश काढायला फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागते, आणि तीन डिस्क भरून व्हिडिओ वाचत बसायचं तर रात्र सरेल. इथे मात्र एक गोष्ट मला आधी सुचली, याचा अभिमान आहे. आकार वेगळा तर फाइल वेगळीच. आकार फुकटात कळतो. तेव्हा आधी आकाराप्रमाणे गट करायचे आणि ज्या गटात एकापेक्षा जास्त फायली आहेत त्यांचाच हॅश काढायचा.

गट करायला मी आधी प्रत्येक फाइलसाठी यादी गाळणारं वेअर-ऑब्जेक्ट लावून पूर्ण यादीत तेवढ्याच आकाराच्या फायली शोधल्या. चाळीस हजार गुणिले चाळीस हजार, म्हणजे १६० कोटी तुलना. दहा मिनिटांनी थांबवलं. मग हॅशटेबल केला: किल्ली म्हणजे आकार, आणि प्रत्येक किल्लीला टांगलेली एक छोटी लिस्ट. यादीवरून एकदाच फिरायचं. किल्ली नसेल तर नवी लिस्ट टांगायची, असेल तर तिच्यात टाकायचं. काही सेकंदांत झालं. त्या दिवशी मला कळलं की यादी एकच असली तरी तिच्याकडे जायची दारं हवी तितकी पाडता येतात. टेबलात प्रती नसतात, पत्ते असतात. ज्या गोष्टीने मला लूपमध्ये फसवलं होतं तीच इथे कामाला आली. आकाराच्या दारातून गेले आणि ऑब्जेक्टवर हॅश लिहिला, की मूळ यादीतही तो दिसतो.

पुढचा घोळ मात्र खरा छळवादी. रोज तिन्ही डिस्क वाचायला नकोत म्हणून यादी सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तिथून परत वाचली. टेबल तयार झालं, किल्ल्या दिसतायत, पण डिस्कवरची ताजी फाइल घेऊन तिच्या आकाराने शोधलं की काहीच सापडत नाही. एरर नाही, नुसतं नल. स्क्रीनवर किल्ली २०४८ दिसते, मी २०४८ च विचारतेय. इम्पोर्ट-सीएसव्ही जे वाचतं ते सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरं, असतं. किल्ली होती ‘दोन-शून्य-चार-आठ’ ही चार अक्षरं, आणि मी विचारत होते तो आकडा. बरं, वाचताना आकड्यात बदलून घेतलं तरी सुटका नाही. फाइलचा आकार ६४ बिटांचा पूर्णांक असतो, आणि मी स्वतः टाइप केलेला २०४८ हा ३२ बिटांचा. तुलना करताना पॉवरशेल दोघांना सारखं मानतो. हॅशटेबल किल्ली शोधताना मानत नाही. सगळीकडे ठोकून ६४ बिटांचा प्रकार लिहिला तेव्हा कुठे दार उघडलं. स्ट्रिंगचा त्रास क्रम लावतानाही दिसला: १०० मोठं की ९९, असं विचारलं तर अक्षरांच्या हिशेबात ९९ मोठं.

हॅश वाचवण्याच्या हुशारीने सीएसव्हीत आणखी एक खड्डा खणला होता. ज्या फायलींचा हॅश काढला त्यांनाच ॲड-मेंबरने तो रकाना जोडला होता. एक्सपोर्ट-सीएसव्ही रकाने ठरवतं ते पहिल्या ऑब्जेक्टकडे बघून. पहिली फाइल एकुलती एक निघाली, तिला हॅश नव्हता, म्हणून अख्ख्या फाइलमध्ये हॅशचा रकानाच आला नाही. रात्रभर काढलेले हॅश, आणि सकाळी ते कुठेच नाहीत. आता मी ऑब्जेक्ट जन्माला घालतानाच सगळे रकाने देते, किंमत माहीत नसेल तर नल. शिवाय ५.१ मध्ये एक्सपोर्ट-सीएसव्ही एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) न सांगितल्यास ॲस्कीत लिहितं, ज्यात देवनागरी बसत नाही. देवनागरी नावांच्या फायली प्रश्नचिन्हांची माळ होऊन आल्या. एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगितलं की प्रश्न मिटतो.

हे सगळं पाहून एक दिवस क्लास, म्हणजे ऑब्जेक्टचा साचा, लिहिला. पाचव्या आवृत्तीपासून पॉवरशेलमध्ये स्वतःचा क्लास करता येतो. आकार हा ६४ बिटांचाच, तारीख ही तारीखच, असं एकदा सांगून टाकलं. चुकीचं काही आलं तर ते तिथल्या तिथे बदलून घेतलं जातं, नाहीतर एरर येते. आठ पायऱ्या पुढे जाऊन नल होऊन भेटत नाही. लिस्टही त्या क्लासचीच केली. कस्टम ऑब्जेक्टवर प्रॉपर्टीचं नाव चुकवून वाचलं तर एरवी गुपचूप नल मिळतं. त्यासाठी स्क्रिप्टच्या डोक्यावर स्ट्रिक्ट मोड लावला, म्हणजे तिथेही एरर येते. छोट्या कामाला क्लास लागत नाही, हे माझं मत अजून कायम आहे. पण तीन आठवडे चालणारं काम छोटं नसतं.

उडवायच्या नोंदी वेगळ्या करताना लिस्टवर फॉरईच फिरवत आतूनच रिमूव्ह करून पाहिलं. पहिल्याच काढलेल्या वस्तूनंतर एरर आली की संग्रह मध्येच बदलला. ज्या फांदीवर बसलोय तीच कापायची म्हटल्यावर दुसरं काय होणार. हवं ते गाळून नवी यादी केली, आणि जुनी तशीच राहू दिली.

प्रत्येक गटातली कोणती फाइल ठेवायची? मी बदलाच्या तारखेवर भरवसा ठेवला. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की निर्मितीची तारीख कॉपी केल्याची पडते, पण बदलाची जुनीच राहते. त्यामुळे ‘निर्मिती’ बदलानंतरची दिसली तर ती बहुधा नक्कल. अशा नकला मागे जातील या क्रमाने लावून पहिली सोडली आणि उरलेल्यांवर ‘उडव’ असं लिहिलं. सर्वांत मोठा गट कशाचा निघाला असेल? शून्य बाइटच्या फायलींचा. रिकाम्या फायलींचा हॅश अर्थातच एकच. त्यांना आधीच बाजूला काढायला हवं होतं.

फायली उडवणाऱ्या रिमूव्ह-आयटमला व्हॉटइफ लावून यादी चालवली. त्याने नुसतं वाचून दाखवलं: ही उडवेन, ती उडवेन. ‘बॅकअप नवा हाच’ हे पूर्ण फोल्डर नक्कल आहे, असं मी धरून चालले होते, आणि सरळ ते फोल्डरच उडवायचा मोहही झाला होता. पण आता हॅशचं दार होतं. त्या फोल्डरमधल्या कोणत्या फायली दुसरीकडे कुठेच नाहीत, हा प्रश्न एका ओळीत विचारता आला. उत्तर आलं, अकरा. त्यातल्या नऊ छायाचित्रांच्या अल्बमने मागे सोडलेल्या लघुप्रतिमांच्या फायली होत्या. दोन माझ्याच होत्या, जुन्या पत्रांच्या स्कॅन, ज्या मी हरवल्या म्हणून केव्हाच सोडून दिल्या होत्या.